नत्थूजींच्या टॉर्चचं बटण

नाचणगावात प्रेमदासकडे जुना टॉर्च नेला की तो आधी टॉर्चकडे बघायचाच नाही. आपल्याकडे बघून विचारायचा, "हा कोनाचा?"

काम त्याचं असं. मिलिटरीच्या भंगारातले वाकड्या मानेचे टॉर्च, नाहीतर घराघरांत फळीवर पडलेले पितळी. त्यांत तो एलईडी बसवतो, चार्ज होणारा सेल घालतो. नवा सेल बारीक आणि जुन्या टॉर्चचं पोट मोठं, म्हणून मधे बांबूची नळी घासून घासून बसवतो. मग खुशाल खिशात टाका, शेतात न्या, रोज वापरा. पण मालकाच्या हातानं जे झिजलंय त्याला तो हात लावायचा नाही. "झिजलं थेच त मानसाचं हाय," म्हणायचा. ते कळावं म्हणून तो प्रश्न. लोकही मांडी घालून सांगत बसायचे.

त्याच्या स्वतःच्या खिशातला टॉर्च बापाचा. नत्थूजी कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते. यंत्रात उजवा अंगठा गेला आणि टॉर्चचं बटण ढकलता येईना, तेव्हा त्यांनी कानशीनं त्याला तिरपी खाच पाडली, पहिलं बोट अडकेल अशी. प्रेमदासनं आतलं सगळं बदललं, बटण तेवढं ठेवलं. बोलता बोलता त्याचं बोट त्या खाचेत जाऊन बसायचं.

या सगळ्या गोष्टी शेजारी बसून ऐकणारा एकजण होता, भूपेंद्र. लंगोटीयार, आणि जिभेवर साखर पेरलेली.

"प्रेम्या, सिंदीच्या प्रदर्शनात दुकान लावू ना बे. तू बनव, मी बोलतो. तुया बापाचा टार्च दे नमुन्याले."

बायकोलाही जो हाताळू दिला नव्हता, तो टॉर्च प्रेमदासनं दिला. भूपेंद्र घरचा ना!

प्रदर्शनाला मी प्रेमदाससोबत गेलो. भर दुपारी उजेड दाखवायचा म्हणून भूपेंद्रनं काळे पडदे लावून खोली केली होती. आत ही गर्दी. आणि भूपेंद्र टॉर्च छातीशी धरून सांगत होता.

"हा माया बापाचा टार्च. जिनिंगमधी अंगठा गेला माया बापाचा, पन ड्यूटी नाई सोडली मानसानं."

भूपेंद्रचा बाप पानठेला चालवायचा. दोन्ही अंगठे शाबूत ठेवून मेला. मला असा संताप आला की तिथंच पडदा ओढून काढावासा वाटला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

प्रेमदास पुढे झाला. टॉर्च हातात घेतला, बोट बटणावर नेलं. बटण नवं होतं, गुळगुळीत.

"जुनं कुठी हाय?"

"अबे, लोकायले जमत नोतं. बदलवलं."

"कुठी हाय म्हनलं?"

"फेकलं असन. एका बटनासाठी काऊन एवढा तमाशा करून राह्यला?"

प्रेमदासनं टॉर्च टेबलावर ठेवला आणि बाहेर आला. मी म्हटलं, चल, निदान तो तरी परत आणू.

"टार्च नेला असता त वापस मागतला असता, भाऊ. त्यानं बाप नेला. अन् मीच त्याले सारं सांगतलं होतं." त्याचे डोळे कोरडे होते, त्याचंच मला जास्त लागलं.

परवा मी माझ्या आईचा टॉर्च घेऊन त्याच्याकडे गेलो. आई दाई होती. बाळंतिणीपाशी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती टॉर्च दातांत धरायची. मागच्या झाकणाच्या कडेवर तिच्या दातांच्या खुणा आहेत. हे सांगायचं मी वाटभर मनाशी जुळवलं होतं. टॉर्च समोर ठेवला आणि त्याच्या प्रश्नाची वाट बघत बसलो.

त्यानं झाकण उघडलं, आतला गंज फुंकला, कडेवरून बोट फिरवलं.

"हे खड्डे पडले हायेत, भाऊ," तो म्हणाला. "घासून साफ करून टाकू?"