नाक्यावरचा भित्रा

कळसूबाईच्या पायथ्याला, नाक्यावर पास देणारा तो माणूस दुपार कलली की सगळ्यांना एकच सांगतो, “आता सकाळी या.” मी त्याला भित्रा म्हणायचो. एकदा त्याची नजर चुकवून शेतातून वर गेलो. उतरताना लोखंडी शिडीवर धुकं आलं. खालची पायरी दिसेना. गज कवटाळून उभा होतो, तोच खालून नाक्यावरच्या त्या माणसाची हाक आली, “बाबा, आवाज द्या. शिव्या द्या, पन गप ऱ्हाऊ नका.”

मी शिव्या दिल्या. त्या ऐकत तो वर आला आणि माझा घोटा धरून एकेक पाऊल पायरीवर ठेवू लागला. त्याचे हात माझ्या पायांपेक्षा जास्त कापत होते.

गावात मी सांगितलं, एकटाच उतरलो. ते खोटं होतं. तो शेजारीच उभा होता. म्हणाला, “व्हय, बाबा लई धीराचे हायेत.”