समितीपुरता नदीचा वर्ग

दिगंबरचा फोन आला तेव्हा मी अर्धापूरच्या स्टँडवर, केळीच्या घडांनी लदलेल्या टेम्पोच्या सावलीत उभी होते. मी तिथल्याच कॉलेजात मराठी शिकवते, रोज नांदेडहून जाऊन-येऊन करते. दिगंबर म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, अनसूयाचा, धाकटा भाऊ. "ताई, आक्का गेली," एवढंच तो म्हणाला... आणि मला रडू आलं नाही, संताप आला. ती आजाराने गेली, हे मला कळतं. कर्करोग कुणाच्या सांगण्यावरून येत नाही. पण शेवटची वर्षं तिला ज्यांनी आतून सुकवलं, ते आता हार घेऊन येतील हे मला त्या क्षणीच दिसलं. आणि ते आलेच.

अनसूया औशाजवळच्या खेड्यातली. घरची शेती, चार भावंडांत ही थोरली. नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. तिने भूगोल घेतला, कारण तिला हिंडायचं होतं. सुट्टी लागली की मी घरी पळायचे, ही मात्र एसटीत बसून उगाचच कंधारला, नाहीतर देगलूरला जायची आणि परत येऊन तिथली माती, बोली, बाजार असं काय काय सांगत बसायची. पुढे लातूरच्या एका कॉलेजात लागली. चांगली शिकवायची, पण स्वतःवर चिडलेली असायची. "अगं, मी फळ्यावर नदी काढून राहिले अन् पोरं वहीत नदी काढून राहिलीत. नदी कुणीच बघितली न्हाई," म्हणायची.

मग तिला उत्तरेकडच्या डोंगरात नव्याने निघालेल्या एका विद्यापीठाचं कळलं. तिथे विद्यार्थी पूर्ण सत्र एखाद्या खोऱ्यात जाऊन राहायचे. भूगोल, इतिहास, गणित, भाषा सगळं त्या खोऱ्यातल्या गावांतून, शेतांतून शिकायचे. तिने रजा काढली आणि निघाली. घरात कुणाला पटलं नाही. नांदेडच्या स्टेशनवर तिला सोडायला मी आणि दिगंबर, दोघंच होतो. पोचल्यावर तिचा फोन आला, ती हसत सुटली होती. नव्या शिक्षकाने पहिला महिना काही शिकवायचं नाही, नुसतं खोऱ्यात फिरून लोकांचं ऐकायचं, असा तिथला नियम. "मला इथं गप्प बसायला ठेवलंय गं! माझ्या आईला सांग, तिला लई आनंद होईल." तिथल्या एका विद्यार्थिनीने तिला सहज विचारलं होतं, तुमच्या घराजवळून कोणती नदी जाते, तिचं पाणी कसं आहे. अनसूयाने मांजरा हे नाव सांगितलं. पुढे काही सांगताच आलं नाही. रजा संपायच्या आत तिने ठरवलं होतं, परत जायचं आणि मांजरेचा वर्ग काढायचा.

आणि तिने तो काढला. ज्या लातूरने पाण्यासाठी दारोदार टँकर पाहिले, त्या लातूरच्या मुलांना आपलं पाणी येतं कुठून हे माहीत नसावं याची तिला शरम वाटायची. धरणापासून खाली काठाकाठाने चालायचं, गावात मुक्काम करायचा, विहिरी मोजायच्या, म्हाताऱ्यांशी बोलायचं, पोटापुरता स्वयंपाक मुलांनीच करायचा. मुलींच्या घरचे तयार होईनात. औशाच्या एका बापाने तिला दारातच विचारलं, "मॅडम, पोरी नदीकाठानं हिंडून परीक्षेत काय लिहिणार?"

"ते तुम्हीच बघा की. चला आमच्यासंगं."

तो खरंच आला. दिवसभर कुरकुरत, पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चालला आणि संध्याकाळी लेकीला ठेवून एकटा परत गेला. पुढच्या वर्षी गावातल्या आणखी मुली त्यानेच पाठवल्या.

कॉलेजने काय केलं? फोटो काढले. बाहेरून तपासणी समिती येणार होती. फाटकावर मोठा बॅनर लागला, नदीत पाय सोडून बसलेली मुलं, मध्ये हातवारे करणारी अनसूया. समिती खूश झाली, वरची श्रेणी देऊन गेली. त्यानंतर प्राचार्यांनी तिला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, तो विषय समितीपुरता होता. आता मुलांची वर्गातली हजेरी बघावी लागेल."

समितीपुरता! तिला परीक्षा विभागात बसवलं. तिने रविवारी, स्वतःच्या जबाबदारीवर मुलांना नेणं सुरू ठेवलं, तर संस्थेच्या मुलांना बाहेर नेऊ नये म्हणून नोटीस लागली. त्याच महिन्यात एका खोलीवर 'नवोपक्रम केंद्र' अशी पाटी चढली. खोलीला कुलूप, आतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. त्या काळात ती मला म्हणाली, "तिकडं मला गप्प बसवलं ते ऐकायला यावं म्हणून. इथं गप्प बसवून राहिलेत ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून." तेव्हा ती हसली नाही.

शोकसभा त्याच कॉलेजच्या सभागृहात झाली. हार घातलेला फोटो त्याच बॅनरमधून कापलेला. कडेला एका मुलीची अर्धी वेणी राहिली होती. प्राचार्य म्हणाले, मॅडमचं स्वप्न आम्ही पुढे नेऊ, केंद्राला त्यांचं नाव देऊ. मी उठले. माईक कुणी दिला नाही, मला लागलाही नाही.

"नाव नको. सोमवारपासून नदीचा वर्ग सुरू करा."

"ताई, ही वेळ नाही बोलायची."

"मग वेळ सांगा. मी नांदेडहून येते."

प्राचार्यांनी सूत्रसंचालकाला खूण केली. त्याने घाईघाईने दोन मिनिटं मौन जाहीर केलं. मागच्या रांगांतली पोरं मात्र उभी राहून माझ्याकडे बघत होती... आता केंद्राला तिचं नाव लागलंय. कुलूप तसंच आहे. मी दर आठवड्याला प्राचार्यांना फोन करते आणि करत राहणार.

परवा तिच्या लातूरच्या घरी गेले. दिगंबर सामान आवरत होता. अनसूयाच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळायचं नाही, आधी प्रश्न यायचा: कुठल्या रस्त्यानं आलीस, काय बघितलंस? झोपत आले म्हटलं की ती चिडायची. दिगंबरने एका हातात पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच दार उघडलं, दुसऱ्या हाताने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाठ वळवता वळवता बोलून गेला, "कोणत्या रस्त्यानं आलात, ताई?" मग तोच थबकला. डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

मी उंबऱ्यातच बसले आणि सांगायला लागले. लोहा, अहमदपूर, चाकूर... रस्ता कुठे उकरून ठेवलाय, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठला कोरडा पडलाय. तो पिशवी धरून ऐकत उभा राहिला.