आमीन म्हणायला आलेला पाहुणा

बायको गेली त्यानंतर मी नमाज सोडली नाही, दुआ सोडली. नमाज हा हुकूम आहे, तो पाळला. पाच वेळा उठलो, वाकलो, कपाळ टेकलं. पण नमाज संपली की लोक हात वर करून मागायला बसायचे आणि मी चपला शोधायला जायचो. मागायचं काय? तिच्या आजारात मागून मागून माझी जीभ झिजली होती. पावसाच्या तोंडाशी तिला ताप लागला तो भात पोटरीला आलं तरी उतरला नाही. कल्याणच्या डॉक्टराची बाटली झाली, रानातला पाला झाला, पाण्यावर फुंकून झालं. शेवटी तिचा आवाजही गेला, ओठ हलायचे आणि नुसती फुंकर यायची. मी अल्लाला म्हटलं, दुसरं काही देऊ नकोस, एवढी ठेव. त्याने ठेवली नाही. मी भांडण केलं नाही. ज्या दारात एकदा नाही ऐकलं त्या दारात माणूस परत जात नाही, एवढंच.

मी शिकलेला माणूस नाही. मराठी शाळेत दोन-तीन बुकं झाली आणि बापाने नांगराला जुंपलं. मुरबाडाहून शहापूरला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. वस्ती कुणब्यांची, आणि ओढ्याच्या कडेला आम्हा मुसलमानांची थोडी घरं आणि कौलारू मशीद. आमच्या घरात मागायचं काम तिचं होतं. अरबी तिला येत नव्हती, ती आपल्या बोलीतच मागायची आणि एकेकाचं नाव घेऊन मागायची. शेजारणीच्या सुनेचं नाव, माझ्या बहिणीचं नाव, गोठ्यातल्या गाभण गाईचंसुद्धा नाव. मी अंथरुणातून ऐकायचो आणि कधी वैतागायचो. म्हणायचो, "अगो, गायीचं नाव त्याला ठाऊक नाय काय?" ती म्हणायची, "त्याला ठाऊक हाय. मी घेतलं हे कलू दे त्याला." मी कुशीवर वळायचो.

ती गेली त्या साली रमजान थंडीत आला आणि त्याच दिवसांत म्हसा गावची मोठी जत्रा भरली. जत्रा म्हणजे आमच्या लोकांचं वर्षाचं पोट. कोणी बैल घेऊन गेला, कोणी काकणांची पेटी डोक्यावर घेऊन, रोजा धरूनच गेले सगळे. मोहल्ल्यात उरल्या बायका, पोरं आणि आम्ही दोन-चार म्हातारे. अशात शेवटचे दहा दिवस तोंडावर आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत वस्तीतल्या एकाने तरी मशिदीत बसायचं असतं. घर सोडायचं, तिथेच खायचं, तिथेच झोपायचं, चांद दिसेपर्यंत कारणाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्याला एतेकाफ म्हणतात. एक माणूस बसला तर सगळ्या वस्तीचा भार उतरतो. कोणीच बसला नाही तर सगळ्यांच्या माथी दोष. आमच्याकडे दर साली बांगी बसायचा, म्हणजे मशिदीत बांग देणारा म्हातारा. त्या साली त्याचा दमा असा उफाळला होता की गार फरशीवर झोपला असता तर ईद बघितली नसती. तो काठी टेकत माझ्या ओटीवर आला.

"दादा, या खेपेला तू बस."

"मी दुआ मागत नाय. ठाऊक हाय तुला."

"नको मागू. बस तरी. नुसती जागा अडव."

"आनि घर?"

"घरी कोन वाट बघतोय तुझी?" बांगी म्हणाला.

बोलणं कडू होतं पण खोटं नव्हतं. मी चटई आणि घोंगडी उचलली आणि त्याच्यामागे निघालो. भक्ती म्हणून नाही गेलो. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे बसलो काय आणि मशिदीत बसलो काय, असा हिशेब होता.

आता बसलेल्याला खायला कोणी द्यायचं? आजवर बांगी बसायचा तेव्हा त्याचं ताट आमच्या घरून जायचं. ती रांधायची, मी पोचवायचो. त्या साली ताट आणलं ठमाबाईने. ही आमच्या बांधालगतची कुणबीण, माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण. दिवस कलला की तांदळाची भाकरी आणि कालवण फडक्यात बांधून यायची आणि खिडकीतून आत द्यायची. पहिल्या दिवशी आत डोकावून म्हणाली, "बालंतिनीवानी कोपरा धरलास की रे दादा. डिंकाचं लाडू करू काय?" कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडावर हसू आलं असेल. ते तिने बघितलं आणि लगेच काम सांगितलं. "आता बसलाच हायेस तं माझ्या म्हशीसाठी सांग तुझ्या देवाला. दूध चोरते मेली. त्याला म्हशी चालतात ना?"

मी म्हटलं, "चालतात."

मग रोज कोणी ना कोणी खिडकीशी यायचं. आमच्यात तशी रीतच आहे. जो वस्तीसाठी बसतो त्याच्या हाती वस्ती आपलं मागणं देते. बांगीच्या सुनेला मूल हवं होतं. एकीचा मुलगा म्हशाला गेला होता आणि रानातून पैंजणासारखी घंटा वाजवत येणारी त्याची गाडी अजून दिसली नव्हती. एका म्हातारीला फक्त रात्रीची झोप हवी होती. मी सगळ्यांना "बरं" म्हणायचो. त्या निवांत मनाने परत जायच्या आणि मी भिंतीला टेकून बसायचो. ती मागणी माझ्याजवळ साठत चालली, कोणी ठेवायला दिलेल्या ओल्या कपड्यांसारखी. पुढे पोचवायची ती मी पोचवत नव्हतो. हात उचलायला बघायचो तर ते मांडीवरच राहायचे. कुराण मला हळूहळू वाचता येतं, तेवढं वाचायचो. बाकी वेळ घोंगडीत अंग आवळून कौलांकडे बघायचो. थकवा असा होता की तो झोपेने जाणारा नव्हता.

सत्ताविसावी रात्र आमच्यात मोठी मानतात. त्या दिवशी उन्हं उतरताना एक माणूस मशिदीच्या पायऱ्यांवर येऊन बसला. अंगावर धूळ, जवळ काकणांची रिकामी पेटी आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं छोटं गाठोडं. मी सलाम केला. त्याने ओठ हलवले, आवाज आला नाही. मग त्याने गळ्याला हात लावला आणि फुंकरीसारखं बोलला. खर्डीच्या पलीकडच्या वाडीवरचा काकणवाला होता. जत्रेत ओरडून ओरडून घसा पार बसला होता. बायको घरी आजारी आहे आणि जास्त आहे, असा निरोप त्याला सकाळी जत्रेत मिळाला आणि तो तसाच चालत निघाला. रात्री पुढे जाणार होता, पण वाटेत ओढ्यावरच्या कातकऱ्यांनी सांगितलं की रानात वाघरू फिरतंय, एकट्याने जाऊ नको. म्हणून थांबला.

त्याचे ते हलणारे ओठ आणि ती फुंकर मला बघवेना. मी तोंड फिरवून आतल्या माठातलं पाणी काढायला गेलो.

बांग झाली तेव्हा आम्ही मिठाच्या खड्यावर रोजा सोडला आणि ठमाबाईची भाकरी अर्धी अर्धी केली. त्याच्या गाठोड्यात खजूर होती, वासाने कळलं. त्याने ते उघडलं नाही. मी बघतोय हे बघून म्हणाला, "तिच्यासाठी घेतलीय. तिला लय आवडते." मी म्हटलं, "ठेव, ठेव."

रात्रीची लांब नमाज बांगीने धापा टाकत पढवली आणि सून त्याला धरून घरी घेऊन गेली. बायका आपापल्या घरी जागत होत्या, दिवे दिसत होते. मशिदीत आम्ही दोघे आणि एक कंदील. तो बराच वेळ पढत राहिला. मग माझ्यासमोर येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा.

"तू माग," तो म्हणाला. "मी आमीन म्हनतो."

मी म्हटलं, "तुझं तू माग. अल्लाला आवाज कशाला लागतो? मनात माग."

"मनात वाटभर मागत आलो. आता कोनीतरी मोठ्यानं मागावं असं वाटतं. माझा आवाज नाय म्हनून तुला सांगतो."

मला राग आला. मी माणूस तुटक बोलणारा, तसंच बोललो. म्हटलं, "चुकीच्या मानसाला सांगतोयस. मी माझ्या बायकोसाठी मागितलं ती मेली. माझ्या मागन्याला गुन नाय."

मला वाटलं उठून जाईल. पण तो उठला नाही. हात पसरून तसाच बसला आणि त्या फुटक्या आवाजात म्हणाला, "मी तुला मागायला सांगतोय. द्यायला सांगतोय काय?"

एवढंच बोलला. पाहुणा होता, रोजेदार होता, आणि त्याची बायको रानापलीकडे पडून होती. मी हात उचलले. किती जड होते ते मलाच ठाऊक. काय बोलावं सुचेना. बांगीने शिकवलेली माफीची छोटी अरबी दुआ म्हटली आणि थांबलो. त्याच्या बायकोचं मागायला धीर होईना, म्हणून आधी ठमाबाईची म्हैस घेतली. खरं सांगतो, त्या मोठ्या रात्री माझ्या तोंडून पहिलं मागणं निघालं ते म्हशीचं. म्हटलं, या अल्ला, ठमाबाईची म्हैस दूध चोरते, तिला बुद्धी दे. समोरून फुंकर आली, आमीन. मग बांगीच्या सुनेचं नाव घेतलं. मग जत्रेला गेलेल्या पोराचं. मग झोप न येणाऱ्या म्हातारीचं. एकेक नाव घेत गेलो आणि प्रत्येक नावामागे ती फुंकर येत गेली. घरात अंथरुणावर पडून जे मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं तेच माझ्या तोंडून निघत होतं, त्याच चालीने.

मग मी विचारलं, "तुझ्या बायकोचं नाव काय?"

तो म्हणाला, "रहिमानची आई."

"रहिमानची आई गावोगाव हाय. नाव सांग."

आमच्याकडे पुरुष बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. तो लाजला. दाढीत पांढरे केस आणि नव्या नवऱ्यासारखा लाजला. मग पुढे वाकून माझ्या कानात म्हणाला, "जैनब."

मी मागितलं. जे माझ्यासाठी मागून झालं होतं आणि नाही मिळालं, तेच शब्द न बदलता त्याच्यासाठी मागितले. या अल्ला, जैनबला ठेव. याला घरी पोचू दे, हिला उठून बसू दे, ती खजूर तिच्या तोंडात पडू दे. त्याने आमीन म्हटलं, परत म्हटलं, परत म्हटलं.

मी हात तोंडावर फिरवायला गेलो तर त्याने मनगट धरलं. "तुझीचं राहिलं."

"ती गेली रे. आता काय मागायचं?"

"गेलेल्यांसाठी मागत नाय काय आपन? नाव घे."

सगळ्या संसारात मी तिला नावाने हाक मारली नव्हती. अगो म्हणायचो, नाहीतर नुसता खाकरायचो. मयतीच्या वेळी लोकांनी घेतलं तिचं नाव, मी नाही. ते त्या कंदिलासमोर घेतलं. हलीमा. ते माझ्या तोंडून कसं येतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, या अल्ला, हलीमा तुझ्याजवळ आहे. नीट ठेव. दुसरं काही सुचलं नाही. आमीन आली. त्यानंतर मी खूप रडलो, माझी घोंगडी खांद्यावरून घसरली होती ती त्याने परत घातली.

पहाटेची भाकरी खाऊन, फजरची नमाज पढून तो निघाला. मला उंबरा ओलांडता येत नव्हता. आतूनच उभा राहिलो. तो वळणापर्यंत गेला, पेटी काखेत आणि गाठोडं छातीशी धरून, आणि धुक्यात दिसेनासा झाला. त्याचं स्वतःचं नाव विचारायचं राहून गेलं, हे मला चांद दिसल्यावर आठवलं.

ईदच्या सकाळी मी कबरस्तानात गेलो, तिथे बसलो आणि परत हात उचलले. जत्रेला गेलेला मुलगा घरी आला होता. बांगीच्या सुनेला मूल झालं नाही, आजवर नाही. ठमाबाईची म्हैस मात्र सुधारली. त्याचं श्रेय तिने मला दिलं नाही. म्हणाली, "पेंड बदलली म्हनून." मी म्हटलं, असेल.

जैनबचं काय झालं ते मला कळलं नाही. पुढच्या साली म्हशाला गेलो, काकणवाल्यांच्या रांगेत फिरलो, तो दिसला नाही. खर्डीहून येणाऱ्यांना विचारलं. रहिमानची आई म्हटलं तर सगळ्यांना एकेक ठाऊक होती. दोन-तीन साल विचारत राहिलो, मग विचारणं सोडलं. तो कोण होता, नेमका त्या रात्री का आला, यावर लोक काय काय सांगतात. मला विचाराल तर घसा बसलेला काकणवाला होता. त्याला माझ्याकडे ज्याने थांबवलं त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, त्याचा शुक्र करतो, आभार मानतो.

मधे लढाई आली, गेली, राज्यही बदललं. बांगी गेला, ठमाबाई गेली. माझे गुडघे आता वाकत नाहीत, खाटेवर बसून नमाज पढतो. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत सगळी वस्ती झोपेशी झगडत जागी असते, तेव्हा मीही जागतो, आणि नावं घेतो. मिळेल का, हे मी आता विचारत नाही. ते माझं काम नव्हेच. दोघी बायांची नावं एकापाठोपाठ येतात. एक गेली हे ठाऊक आहे. दुसरी आहे की गेली हे ठाऊक नाही. म्हणून दोघींसाठी एकच मागतो, जिथे असतील तिथे नीट ठेव. मग थोडा थांबतो. आमीन म्हणायला समोर कोणी नसतं, तेव्हा ती मीच म्हणतो, हळू, फुंकरीने.