मोरीचं मटण आणि पावडरचा डबा

माझी मुलगी परसात घसरली नव्हती. मी तिला ढकललं होतं, दोन्ही हातांनी, छातीवर. तिला तेव्हा सातवा महिना होता. नंतरची दोन वर्षं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला दगडावरचं शेवाळ सांगत आले.

देवबागला आमच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. नवरा त्यांना होडीतून फिरवतो, स्वयंपाक माझा. मासे कापायला मी बाई ठेवत नाही. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसले की माझे हात मला विचारत नाहीत. मुंडकं एका दाबात वेगळं होतं, पोट एका ओढीत रिकामं होतं. मुंबईचे पाहुणे फोटो काढतात. त्याच हातांनी मी माझ्या मुलीला वाढवलं आणि बडवलंही. उलथनं, खराट्याचा हीर, चप्पल, जे हाताला लागेल ते. माझ्या आईने मला चुलीतल्या पेटत्या लाकडाने मारलं होतं, त्यामुळे माझं मारणं मला सौम्य वाटायचं.

मुलगी दोडामार्गकडे दिलेली. जावई गोव्यात कारखान्यात, रोज मोटारसायकलने ये-जा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सहाव्या महिन्यातच आली. नाव आमच्याकडच्याच दवाखान्यात घातलेलं, तिथल्या तपासणीत साखर वाढलेली निघाली होती. डॉक्टरबाईंनी भात मोजून खायला सांगितलेला, गोड बंद. पिशवी उघडली तर आत एक मोठा काळा डबा, वर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र, आणि दहा-बारा पाकिटं बिनसाखरेच्या पुडिंगची.

"ह्या काय गो?"

"प्रोटीन आसा, आये. ह्येंनी हाडलानी."

"पोटात पैलवान वाढवतंस काय?"

ती हसली. "आणि ह्या गोड खावशा वाटला तर. साखर नाय हेच्यात."

"साखर नाय तर गोड कशान लागता? इखान?"

"तू वाच मगे पाकीट."

"तूच वाच. माका शिरवाळे करूक येतत."

आणि मी शिरवाळे केलेही, तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसात गूळ घालून. गूळ म्हणजे साखर नव्हे, असं तिला ठणकावून सांगितलं. तिने दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. मी ती वाटी तिच्यासमोर भिंतीवर फेकली. एवढ्यावरून. रस भिंतीवरून ओघळत होता आणि ती बघत होती, लहानपणी बघायची तशी.

मग मी मोरी आणायला लागले. मोरी म्हणजे शार्क, आमच्याकडे बाळंतिणीला हमखास देतात. अंगात ताकद येते, दूध उतरतं. मी म्हटलं, बाळंतपणानंतर चालते तर आधी का नको? एक दिवसाआड मोरीचं मटण. भाजलेलं खोबरं, तिरफळं, लसूण, सगळं रीतसर.

"डॉक्टर मोठा मासा नको म्हणालेत, आये. बारके खा म्हणतत. मोरी तर नकोच."

"ती डॉक्टर घाटावरची. तिका मोरी काय ठावक? आणि त्या डब्यातला चलता?"

"त्या विचारूचा रवला." हे तिने खाली बघून सांगितलं.

"म्हणजे माझ्या हातचा नको, आणि न विचारलेला पावडर व्हया."

हे भांडण खाण्याचं राहिलंच नव्हतं. या घरात काय पोटात जायचं हे नेहमी मी ठरवत आले होते, आणि दंड फुगवलेला एक माणूस माझ्या फळीवर उभा होता.

त्या दिवशी पाहुणे आठ होते. मी परसात, पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर मोरी कापत होते. पोट फाडलं तर आत पिल्लं. मोरी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. असं पूर्वीही कितीदा निघालेलं. चार होती, वीतभर, नाळेसकट. एक हलत होतं. मी बोटं घालून चारही ओढून काढली आणि बादलीत टाकली. मान वळवली तर मागच्या दारात मुलगी उभी. तिने पोट धरलं आणि तिथेच उंबऱ्यावर ओकली.

मी काय म्हटलं? "निवळ कर ता." तेवढंच म्हटलं.

दुपारी पाहुण्यांची पंगत उठल्यावर मी तिला ताट वाढलं. तीच मोरी. तिने मान हलवली, पाकीट फोडून पुडिंग कालवलं आणि परसात नेऊन खायला लागली.

"ताट घे."

"माका घशाखाली जावचा नाय. मी बघलंय ता."

"नाटकां करू नको. मी तुझ्या वेळेक आठव्या महिन्यात मासे विकूक बसलंय."

"मगे? माका तसाच मारून टाक."

नारळ सोलायचा कोयता दाराशी होता. मी आत जाऊन फळीवरचा डबा आणला, दगडावर ठेवला आणि घाव घातला. प्लास्टिक एका घावाला फुटलं नाही. मी तीन-चार घातले. पावडर उडाली, माझ्या डोळ्यांत, तिच्या केसांत. ती ओरडत होती, "आये, पुरे! आये!" मी कोयता टाकला, तिचा जबडा धरला आणि मटणात कालवलेला भात तिच्या तोंडात कोंबला. अंगठा तिच्या दातांच्या मागे घातला, वासराला औषध पाजताना घालतात तसा. ती गुदमरली. तिने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि तो घास माझ्या तोंडावर थुंकली.

तेव्हा मी ढकललं.

ती दगडाच्या कडेवर डाव्या कुशीवर आपटली. आवाज ओल्या पोत्याचा आला. तिने गाऊन वर केला, मांडीवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रक्त फार नव्हतं. पण होतं.

पाहुण्यांच्याच गाडीतून तिला नेलं. मी मागे बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि माझ्या अंगठ्यातलं रक्त तिच्या कपाळाला लागत होतं. दवाखान्यात नर्सने विचारलं, कशी पडली? मी म्हटलं, "घसरली. शेवाळ होतं." नर्सने मुलीकडे बघितलं. मुलीने डोळे मिटले आणि म्हणाली, "पाय सरकला."

डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. गर्भाशयातल्या वारेला धक्का बसलाय, थोडी सुटलीय, बाळाचे ठोके सध्या ठीक आहेत, पण पुढचे काही दिवस इथेच ठेवावं लागेल, असं म्हणाल्या. खाण्याचं विचारलं आणि मी जे केलं ते ढकलण्यापेक्षा वाईट होतं असं मला आज वाटतं. मी डब्याचं नाव घेतलं. फुटलेल्या डब्याचं लेबल आणि पाकिटं मी पिशवीत भरून आणली होती. पोरगी मांडीवर रक्त घेऊन पडलेली असताना मला ती पिशवी भरायची सुचली.

बाईंनी पाकीट वाचलं. "हे कधीमधी थोडं खाल्लं तर भीती नाही. यात साखरेऐवजी जे घातलंय ते माफक प्रमाणात चालतं. त्यातले काही प्रकार आम्ही गरोदरपणात टाळायला सांगतो, म्हणून वाचायचं. आणि साखर नाही म्हणून पोटभर खायचं नाही, यातही पीठ असतं." मग डब्याचं लेबल. "हा मी दिला नसता. व्यायामशाळेतल्या पोरांचा आहे. कॅफिन आहे, कसले कसले अर्क आहेत, त्यांचं गरोदर बाईत काय होतं ते धड कुणाला माहीत नाही. मला विचारायला हवं होतं."

"मी तेच सांगत होते!" मी म्हटलं. माझा आवाज चढला. मला आनंद झाला होता.

"आणि मासे कुठले देता?"

"मोरी. एक दिवसाआड."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोरी? मोठ्या, शिकारी माशांत पारा साठत जातो, तो बाळाच्या मेंदूला जातो. मी तिला सांगितलं होतं. तारली, पेडवे, असे बारके मासे, डाळ, अंडी, दूध पुरे होतं. तिने घरी सांगितलं नाही?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"असो. आजचं रक्त डब्याने आलं नाही आणि मोरीनेही नाही. धक्क्याने आलंय." त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. "कुणी चावलं का?"

"आडाळ्यान कापलंय," मी म्हटलं. दातांचे वण गोल होते.

संध्याकाळी जावई आला, कारखान्याच्या कपड्यांतच. डबा त्यानेच आणलेला. मला बघताच बाहेरच्या ओट्यावर बसून स्वतःच्या थोबाडीत मारायला लागला. "आई, माझी चूक. मित्रान सांगितल्यान म्हणून घेतलंय. माझ्यामुळे झाला ह्या." डॉक्टरबाईंना भेटून तो आला होता; डब्यामुळे चक्कर आली आणि म्हणून पाय सरकला, असं त्याने आपल्या मनाशी जुळवलं होतं. मी त्याचा हात धरला. "होवचा ता होता," म्हटलं. त्या समजातून त्याला सोडवलं नाही.

नात महिनाभर आधी झाली, पोट कापून. काचेच्या पेटीत काही दिवस काढले. आता दोन वर्षांची आहे, धावते, बोलते. तरी तिला एखादा शब्द लवकर आला नाही की माझ्या पोटात मोरी हलते. जावई दर तपासणीला डॉक्टरांना एकच विचारतो, त्या पावडरीचं काही मागे राहील का?

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. नात माझ्या मांडीवर होती, मी तिला भरवत होते. वीज गेली, पंखा बंद पडला म्हणून चिडून तिने घास थुंकला, आणि माझा हात वर गेला. मारला नाही. वर गेला, एवढंच. मुलीने ताट खाली टाकून झडप घातली आणि माझं मनगट धरलं. जावई बघत राहिला. "अगो, आई मारतत काय तिका?"

मी तेव्हाच सांगितलं. डबा, कोयता, अंगठा, ढकलणं. एका दमात, त्याच्याकडे बघून.

तो बायकोकडे वळला. "तुका ठावक होता. दोन वर्सां मी स्वतःक खातंय, आणि तुका ठावक होता."

"आये," मुलगी म्हणाली, "तुझा काळीज हलका झाला. आता माझ्या घरात ह्या कोणी निस्तरूचा?"

त्याने माझ्या मांडीवरून पोरीला उचललं. हिसकावलं नाही. तिच्या तोंडावरचं शीत पुसलं आणि आत जाताना थांबून म्हणाला, "हिका तुमच्याकडे एकटी सोडूची नाय. कधीच."

"बरोबर आसा," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले.