आग्नेलोची फळी

रविवारी सकाळी फोन वाजला की अजूनही माझे हातपाय गार पडतात. त्या रविवारी मी ग्लेन वेव्हर्लीच्या घरामागे कपडे वाळत घालत होते. फोन होता रविवारच्या मार्केटमध्ये मध विकणाऱ्या जोनबाईंचा. आग्नेलो पडलाय, लगेच ये. मी मार्केटात पोचले तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली होती. त्याच्या व्हॅनची फळी उघडी, जुनी पुस्तकं तशीच मांडलेली आणि एक माणूस पुस्तक हातात धरून पैसे कुणाला द्यायचे म्हणून उभा... हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझा नवरा हार्ट अटॅकने गेला होता.

मी पहिल्यापासून भित्री. वसईला सासूबाई बाजारात केळी विकायच्या, त्यांची हाक पार नाक्यापर्यंत जायची. मला नुसतं शेजारी बसायलाही धडधडायचं. इथे परदेशात आल्यावर लॅबमधली नोकरी धरली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. आणि या गृहस्थाने रिटायर झाल्यावर काय करावं? पुस्तकांची व्हॅन घेतली! त्यात वेड एकच, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले लंडनचे पुस्तकविक्रेते. गिऱ्हाईक जरा थांबलं की याचं सुरू. खेड्यातलं पोर मालकाच्या घरी सात-आठ वर्षं उमेदवारी करायचं, छापील कागदांच्या घड्या घालायला, शिवायला शिकायचं, दुकानातच झोपायचं. प्लेग आला की जीव मुठीत. राणीला न रुचणारं पुस्तक सापडलं की तुरुंग.

"आणि पहिला धडा कुठला, सांग?" तो मला विचारायचा. "दुकानाची फळी खाली पाडायची आणि रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची, काय हवंय?" तशीच फळी त्याने व्हॅनला बसवली होती. त्यामागून हा त्या जुन्या इंग्रजीत ओरडायचा, "व्हॉट डू यू लॅक?"

"आता तू मार हाक," म्हणायचा.

"अरे, लोक हसतील!"

"हसू दे गं. हसायला थांबतात ते पुस्तक बघतात."

माझा आवाज कधी फुटलाच नाही. तो जायच्या आदल्या रविवारी डबा द्यायला फळीच्या आत गेले, तर याचे हात खाली थरथरत होते. मी घाबरले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. तर म्हणतो, "अगं, दर रविवारी होतं. पहिली हाक मारेपर्यंत जाम भीती वाटते मला. मारली की थांबतं." भीती? आग्नेलोला? इतका संसार केला, मला पत्ता नव्हता. ते भीतीचं होतं की हृदयाचं, हा प्रश्न तेव्हापासून माझं काळीज कुरतडतोय.

चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली आणि मार्केटच्या मॅनेजरचा फोन आला. या रविवारी व्हॅन लागली नाही तर जागा दुसऱ्याला. वर "नो वरीज आयदर वे!" त्याला कसल्या वरीज? "मम, जस्ट सेल इट," मुलगी रिया म्हणाली. विकायचीही हिंमत नव्हती, तिथे उभं राहायचीही.

रविवारी रियाने व्हॅन नेली, मी शेजारी बसून रोझरी म्हणत होते. कडी काढून फळी खाली पाडली. आतल्या कडेला दोन जागा गुळगुळीत झाल्या होत्या, त्याने धरून धरून. मी तिथेच धरलं. हात लटलट कापत होते. समोरून एक बाई निघून चालली होती. जोनबाई बघत होत्या. मी डोळे मिटले आणि त्याचं ते इंग्रजी काही आठवेना, सासूबाईंच्या आवाजात ओरडले, "काय हवंय?"

बाई थबकली, हसली आणि वळून पुस्तकांकडे आली.

मी खाली पाहिलं. हात थांबले होते. खोटं नव्हता बोलला तो... निदान तेवढं तरी.