वर्डेलचा होकार

वर्डेल टिब्सला ‘नाही’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. ती राबायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कुणाला रजा हवी असली की तिचं काम वर्डेलच्या गळ्यात. बहिणीने पोर टाकून दुसरं घर थाटलं, तर पोर वर्डेलकडे. चर्चच्या जेवणाला पीच कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींचा भाजलेला गोड पदार्थ, कोण करून आणणार, हे तर विचारायचीही गरज नसे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या गावात लोक तिला देवमाणूस म्हणत. फुकट राबणाऱ्याला देवमाणूस म्हणायला कुणाचं काय जातं!

मग कोर्टातून ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, बसायचं बोलावणं आलं. त्यालाही ती नाही म्हणाली नाही.

प्रकरण एवढंच होतं. पलीकडच्या गावच्या ओडेसा मॅब्री या काळ्या बाईचा एकोणीस वर्षांचा मुलगा क्विंटन रस्ता चुकला आणि गाडी वळवायला एका गोऱ्याच्या अंगणात शिरला. त्या गोऱ्याने ओसरीवरूनच त्याला गोळी घालून मारलं. “मी घाबरलो होतो,” असं त्याचं म्हणणं. पोरगा गाडीतून उतरलासुद्धा नव्हता.

बारा जणांत काळी एकटी वर्डेल. निर्दोष म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं की अकरा हात वर जायचे आणि तिचे मांडीवर राहायचे. बाराही जणांचं एकमत होईपर्यंत त्या बंद खोलीतून सुटका नव्हती. वाद घालणं तिला जमत नव्हतं. एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, एकाचं दुकान बंद पडलं होतं. शेवटी शेजारची बाई लाडीगोडीने म्हणाली, “वर्डेल, तुझ्या एकटीपायी सगळे अडकलोय गं आम्ही.” तेव्हा तिचाही हात वर गेला.

निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी एकेकाला उभं करून विचारलं, “हा तुमचा निकाल आहे?” कुणी एक जरी नाही म्हणालं असतं, तरी सगळ्यांना पुन्हा त्या खोलीत जावं लागलं असतं. वर्डेलची पाळी आली. समोरच्या बाकावरून ओडेसा तिच्याकडेच बघत होती.

“हो,” वर्डेल म्हणाली.

त्या संध्याकाळी लोक क्विंटनचा फोटो घेऊन कोर्टापुढे रस्त्यात बसले. दुकानदारांनी काचांवर फळ्या ठोकल्या. दुसरीकडे काही जण गाड्यांचे भोंगे वाजवत, झेंडे नाचवत गावभर हिंडले, जणू मॅच जिंकली होती. शाळेत गोऱ्या मुख्याध्यापकांनी वर्डेलची पाठ थोपटली. “शहाण्यासारखी वागलीस हो!” म्हणाले. जेवणाच्या खिडकीशी काळी पोरं तिच्यासमोरची रांग सोडून पलीकडच्या रांगेत जाऊ लागली.

रविवारी ती नेहमीसारखी कॉबलर घेऊन चर्चला गेली. प्रार्थनेनंतर सगळी भांडी रिकामी झाली, तिच्या भांड्यात चमचा पडला नाही. वर्षानुवर्षं बोटं चाटून खाणारी माणसं! तिच्याशी भांडली असती तरी बरं झालं असतं.

इतक्यात ओडेसा मॅब्री आत आली. या चर्चमध्ये ती कधी येत नसे. ती सरळ वर्डेलसमोर खुर्ची ओढून बसली.

“भांडायला नाही आले मी,” ती म्हणाली. “एकच विचारायचंय. माझा डोळ्याला डोळा लागत नाही. तो माणूस खरंच घाबरला होता, असं तुम्हाला मनापासून वाटलं का? वाटलं असेल तर तसं सांगा. मी समजेन, आपल्यातल्याच एका बाईला सगळं ऐकून तसं वाटलं. मग मी घरी जाईन, झोपेन.”

जमलेली सगळी माणसं ऐकत होती. सुटका अगदी सोपी होती. जन्मभर ज्याला त्याला दिलेला होकार आणखी एकदा द्यायचा, एवढंच.

“नाही,” ती म्हणाली.

ओडेसा खुर्ची मागे सारून उठली.

“मग तिथे का नाही बोललीस?”