परत आलेले सहा किलो

नवी पेठेतल्या माझ्या शिंप्यानं ब्लाऊज उलटा करून उजेडात धरला आणि मान हलवली.

"उसवायला आत कापडच नाही, बाई. मी माया ठेवत होतो, तुम्हीच कापायला लावली की."

खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी मी चौऱ्याण्णव किलोंवरून सहासष्टवर आले होते, तेव्हा सगळे ब्लाऊज घेऊन याच दुकानात आले होते. त्यानं विचारलंही होतं, "पुढंमागं लागलं तर? ठेवू का आत थोडं?" मी म्हणाले होते, "आता नाही लागणार. कापा." केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते! आता काटा बहात्तर दाखवत होता आणि काखेत ब्लाऊज असा काचायचा की ऑफिसात वरच्या कप्प्यातली फाईल काढायला हात वर जाईना.

हे सहा किलो मी काही जिलेबी खाऊन कमावले नव्हते. साखरेचा आजार निघाला त्या दिवसापासून माझं ताट ठरलेलं. एक भाकरी, वाटीभर पालेभाजी, डाळ, काकडी. सकाळी पाऊण तास चालणं, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा. दीड वर्षात अठ्ठावीस किलो उतरले, दोन वेळची गोळी एक वेळेवर आली. तेव्हा ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत माझा डबा बघायला यायच्या. डॉक्टर बाहेर बसलेल्या पेशंटना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, "यांना विचारा." मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग वजन थांबलं. तिथंच राहिलं. आणि तिथंच ठेवण्यासाठी मला तेवढंच, किंबहुना जास्तच झटावं लागत होतं. पण ते कुणाला दिसत नव्हतं. भूक मात्र वाढली. जेवून उठले तरी तासाभरात पुन्हा खा-खा सुटायची. भाकरीची सव्वा झाली, शेंगाचटणीचा एक चमचा जास्त पडू लागला, पाऊस आणि मार्चअखेरच्या कामात चालणं बुडालं. बस. एवढ्यात सहा किलो.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "वजन उतरलं की शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरतं, आणि भूक मात्र जास्त लागते. बऱ्याच जणांचं असं होतं, तुमचा दोष नाही. पण सांभाळावं लागणार."

"किती दिवस?"

"कायम," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

घरी आले तर नवरा वरणभातावर तूप घेत होता. लग्नातल्या कोटाचं बटण त्यांना आजही लागतं. ते म्हणाले, "अगं, सहाच तर किलो. अशीच चांगली दिसतेस." मी ताट सरकवून उठले. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आमचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याकाठी, ऊस आणि केळीच्या गावात. पंगत बसली आणि भावजयीनं माझ्या ताटात दोन पुरणपोळ्या टाकल्या, वर गुळवणी ओतली.

"वन्सं, आज तरी घ्या की."

"अर्धी पुरे, खरंच."

आई मागून म्हणाली, "मधी वाळून कशी काटकी झाल्तीस, मला रात्री झोप येत नव्हती. आता जरा अंगावर आलीस तर पुन्हा चालू झालं व्हय तुझं?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मला इतका राग आला की मी दोन्ही पोळ्या खाल्ल्या, गुळवणीसकट. चव काही कळली नाही.

जेवणं झाल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, चल, नवी मोटर दावतो." पाण्याजवळ मोटरच्या शेडमागं गेल्यावर त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. रक्ताचा रिपोर्ट होता. तीन महिन्यांची साखर माझ्या पहिल्या रिपोर्टपेक्षा जास्त.

"कधीपासून?"

"वरीस झालं. हिला सांगितलं न्हाय. आईला तर न्हायच." मग उत्साहानं म्हणाला, "तू कसं केलंस तेवढं सांग. सहा म्हैन्यात उरकून टाकतो."

पंगतीत त्यानं चार पोळ्या खाल्लेल्या मी पाहिल्या होत्या. पण मला डाचलं ते 'उरकून'.

"उरकत नाही रे ते!" मी ओरडलेच. "उतरवताना लोक टाळ्या वाजवतात, ते सोपं असतं. मग रोज उठून तेच खायचं, तेच चालायचं, आणि काटा हललाच तर वर! कंटाळा आलाय मला. सगळ्याचा."

मागं काहीतरी वाजलं म्हणून वळले, तर आई हातात खरकट्याची बादली घेऊन उभी होती.

"दोघास्नी बी साखर?" तिनं विचारलं.

भावानं मान खाली घातली. आई बादली घेऊन तशीच माघारी गेली. मला वाटलं, आता तरी समजलं. निघताना तिनं माझ्या पिशवीत पोळ्यांचा डबा घातला. "जावयास्नी हायेत, तुला न्हाईत," म्हणाली. त्यातली दीड पोळी मी एसटीत खाल्ली. टेंभुर्णी यायच्या आत.

त्यानंतर भावानं बायकोला सांगितलं, डॉक्टर गाठला, बांधावरून फेऱ्या मारायला लागला. दर रविवारी त्याचा फोन येतो. परवा आनंदानं ओरडतच म्हणाला, "अक्का, पाच किलो गेलं! गावात सगळी इचारत्यात."

"छान," मी म्हणाले. आतून चडफडत होते, आणि त्या चडफडण्याची लाजही वाटत होती.

"तुजं किती?"

"एकाहत्तर."

"म्हंजी काय झालंच न्हाय की."

चार महिने मी सव्वाची भाकरी पुन्हा एकवर आणली होती आणि एकही सकाळ चुकवली नव्हती. ते सगळं फोनवर सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. हेही सांगितलं नाही की वर्षभरानं, टाळ्या थांबल्यावर, त्यालाही राग काढायला कुणीतरी लागेल.

"बरं, केळी किती चालत्यात गं?" त्यानं विचारलं. दोन एकर केळी त्याच्या दारात उभी आहेत.

"तुझ्या डॉक्टरला विचार," मी म्हणाले, "आणि पुढच्या रविवारी फोन कर."